शनिवारी एक ते चार

रिपोर्ट लिहायला माझ्याकडे बुधवारपर्यंतचा वेळ होता. पेरू देशातून आलेल्या बावीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याबद्दल तो लिहायचा होता. रिपोर्ट वाचून शिष्यवृत्ती देणाऱ्यांची एक समिती ठरवणार होती, की त्या मुलाची शिष्यवृत्ती चालू ठेवायची की त्याला घरी पाठवायचं. शिष्यवृत्ती गेली की व्हिसा जाणार आणि शेवटचं वर्ष अर्धवट राहणार, हे उघड होतं. त्याच्या घरात त्याच्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. माझ्याही घरात नव्हतं, पण ही गोष्ट रिपोर्टात लिहिण्यासारखी नव्हती.

दुबईतल्या एका खाजगी विद्यापीठात, विद्यार्थी कल्याण विभागात, मी सात वर्षं नोकरी करते आहे. माझं शिक्षण परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मराठी शाळेत झालं आणि पदवी नांदेडला. मी शिकले ती सूचना फलक वाचून. कुठला फॉर्म कधी भरायचा, फी माफीचा अर्ज कोणाकडे द्यायचा, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. फलकावर जे लिहिलेलं असे ते मी वहीत उतरवून घेत असे आणि तसंच वागत असे. त्यामुळे नीट लिहून, समोरच्याला समजेल असं सांगितलं की माणूस त्याप्रमाणे वागतो, असा माझा पक्का समज झाला होता. नोकरीतही तो बरीच वर्षं टिकला.

त्या वर्षी लॅटिन अमेरिकेतून दहा विद्यार्थी शेवटचं वर्ष आमच्याकडे करायला आले. मेक्सिको, कोलंबिया, पेरू, इक्वेडोर. सगळे शिष्यवृत्तीवर, सगळे एकाच हॉस्टेलमध्ये. ते यायच्या आधी आमच्या संचालकांनी मला बोलावलं. सर सभ्य माणूस. मला ही नोकरी त्यांनीच दिली, तेव्हा माझं इंग्रजी अडखळत होतं आणि मुलाखतीला आलेल्या बाकीच्यांचं नव्हतं. ते म्हणाले, "या दहा जणांसाठी वेगळं सेशन ठेवा. अल्कोहोलवर. त्यांच्याकडे कल्चरच तसं असतं, पार्टी वगैरे. इथे काही झालं तर आपल्याला महागात पडेल."

मी "हो सर" म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरी दारू कधी आली नव्हती. ती पिणाऱ्यांबद्दल मला जी माहिती होती ती सगळी ऐकीव होती, आणि ऐकीव माहितीत हेही बसून गेलं.

मी मनापासून तयारी केली. चाळीस मिनिटांचं सेशन, चोवीस स्लाइड्स. इथला कायदा काय सांगतो, नशेत सार्वजनिक ठिकाणी सापडलं तर काय होतं, शरीरावर काय परिणाम होतो. शेवटी एक फॉर्म, त्यावर सही. फॉर्म माझ्या आधीच्या कोणीतरी बनवलेला होता. मला तो पुरेसा कडक वाटला नाही, म्हणून मी एक वाक्य वाढवलं. हॉस्टेलमध्ये नशेत आढळणाऱ्या, तसंच अशा व्यक्तीला आत आणणाऱ्या विद्यार्थ्याची लेखी नोंद होईल आणि ती शिष्यवृत्ती देणाऱ्यांना कळवली जाईल. या वाक्याचं सरांनी कौतुक केलं होतं.

सेशनच्या दिवशी दहाही जण वेळेवर आले आणि शांत बसले. शेवटी कोलंबियाच्या एका मुलीने हात वर केला. बारीक, चष्मेवाली, सगळ्यांच्या वतीने बोलणारी.

"मिस, हे सेशन सगळ्यांना असतं का?"

"नाही, तुमच्या ग्रुपसाठी आहे."

"ब्रिटिश स्टुडंट्सना?"

"त्यांना ईमेल गेला आहे."

"ओके," ती म्हणाली. "आम्हाला बहुतेक वाचता येत नाही." सगळे हसले. मीही हसले, आणि फॉर्म वाटले. दहाच्या दहा सह्या मिळाल्या.

त्यानंतर दोन महिने काही घडलं नाही. सेशनचा उपयोग झाला असं मी मासिक अहवालात लिहिलं.

मग तो शनिवार आला. शनिवारी मी सहसा घरी असते, पण परीक्षेचे अर्ज राहिले होते म्हणून दुपारी ऑफिसला गेले होते. आमचं ऑफिस हॉस्टेलच्याच तळमजल्यावर आहे. पाचच्या सुमाराला ती चष्मेवाली मुलगी दारात येऊन उभी राहिली. बाहेर जाण्याचे चांगले कपडे घातलेले, केस घामाने कपाळाला चिकटलेले.

"मिस, एक जनरल क्वेश्चन आहे."

"विचार ना."

"समजा कोणाला उलटी होतेय आणि झोप येतेय. खूप झोप. तर काय करायचं?"

"काय खाल्लंय त्याने?"

"मिस, मी नाव सांगितलं तर तुम्ही लिहिणार का?"

मला कळलं. तेव्हाच कळलं, नंतर नाही. पण मला जे विचारलं होतं त्याचं खरं उत्तर देणं मला बरोबर वाटलं. मी म्हणाले, "नियमाप्रमाणे मला लिहावं लागेल. तू सही केली आहेस."

"आणि त्याला आणणाऱ्याचं?"

"त्याचंही."

"ओके मिस. थँक्यू. मी फक्त विचारत होते." आणि ती गेली.

मी उठून तिच्या मागे गेले नाही. दोन अर्ज तपासले. मला वाटलं, ती विचार करेल आणि परत येईल. साधारण दहा मिनिटं गेली असतील. मग हॉस्टेल मॅनेजरांचा फोन आला.

हे मॅनेजर वसईचे. पन्नाशीचे, ख्रिस्ती, इथे पंचवीस वर्षं झालेली. आधी हॉटेलांमध्ये बँक्वेटला, म्हणजे मेजवान्यांत वाढायला होते, मग आमच्याकडे आले. आम्ही दोघं मराठीत बोलतो. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना भाऊ.

"ताई, लाँड्री रूममध्ये या. पळत या. अँब्युलन्सला मी सांगितलंय."

पेरूचा मुलगा लाँड्री रूमच्या फरशीवर होता. भाऊंनी त्याला कुशीवर वळवलं होतं, गुडघा दुमडून, आणि त्याच्या गालाखाली कोणाचा तरी धुतलेला टॉवेल दिला होता. त्याआधी तो पाठीवर झोपलेला होता. खोलीत नेलं तर कॅमेऱ्यात दिसेल म्हणून त्याच्या मित्रांनी त्याला मागच्या जिन्याने इथे आणून ठेवलं होतं, मशीन चालू केली होती म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही, आणि शुद्ध यायची वाट बघत होते. मशीन मोकळीच फिरत होती. भाऊ साबणाचा डबा ठेवायला आले म्हणून त्यांना दिसलं.

ओठ निळसर होते. भाऊ त्याच्या तोंडाजवळ हात धरून श्वास मोजत होते. चष्मेवाली मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

अँब्युलन्स लवकर आली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की उलटी श्वासनलिकेत जायला फार वेळ लागला नसता. दोन दिवस तो हॉस्पिटलमध्ये राहिला आणि पूर्ण बरा झाला.

त्या संध्याकाळी भाऊ आणि मी ऑफिसात बसलो होतो. भाऊंनी दोन कप चहा आणला. मी म्हणाले, "भाऊ, मी त्यांना इतकं समजावून सांगितलं होतं. तरी का प्यायली ही मुलं? यांच्यात असतंच का हे?"

"यांच्यात म्हणजे?"

"म्हणजे सर म्हणत होते..."

"सरांचं सोडा. आमच्यात पण असतं, ताई. वसईला लग्नात, नाताळात, सगळ्यांसमोर पितो आम्ही. माझी आई पण घोटभर घ्यायची. तुम्ही मला कधी फरशीवर पडलेला बघितलाय?"

"नाही हो, तसं नाही."

"तुमच्या घरी नव्हती ना, म्हणून तुम्हाला दारू म्हणजे एकच गोष्ट वाटते. ही पोरं कुठे गेली होती माहितीये? ब्रंचला."

ब्रंच हा शब्द मी हजार वेळा ऐकला होता. इथल्या हॉटेलांत शनिवारी दुपारी एक ते चार ब्रंच असतो. एकदा ठरलेले पैसे भरायचे, मग तीन तास हवं तेवढं खायचं आणि हवं तेवढं प्यायचं. जुमेरा लेक टॉवर्सच्या एका हॉटेलात विद्यार्थ्यांना दोनशे नव्वद दिरहममध्ये मिळत होता, म्हणजे सात हजारांच्या आसपास रुपये. माझ्या चोवीस स्लाइड्समध्ये ब्रंचवर एकही स्लाइड नव्हती.

"मी सहा वर्षं ब्रंचला सर्व्हिस दिलीये," भाऊ म्हणाले. "आम्हाला सांगितलेलं असायचं, ग्लास अर्धा झाला की भरायचा. विचारायचं नाही. रिकामा ग्लास दिसला की सुपरवायझर बोंबलायचा. माणसाला कळतच नाही किती झाले, कारण ग्लास कधी संपतच नाही. आणि पावणेचारला लास्ट ऑर्डर. तेव्हा बघायला पाहिजे तुम्ही. एकेकाच्या दोन्ही हातांत ग्लास. चारला बाहेर काढायचं सगळ्यांना, यल्ला, खलास, चला, संपलं. चढते ती त्याच्यानंतर, टॅक्सीत."

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेले. रिपोर्टसाठी त्याचं म्हणणं नोंदवून घ्यायचं होतं. तो उशीला टेकून बसला होता. हाताला सलाइन. मला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला, मी नको म्हणाले.

"मिस, आय ॲम सॉरी. तुम्ही सही घेतली होती... म्हणजे, माझी."

"याआधी कधी प्यायला आहेस?"

"घरी, हो. असं कधीच नाही."

मी वही उघडली होती. तो जे बोलला ते मी तेव्हा उतरवून घेतलं आणि अजून माझ्याकडे आहे. त्याच्या गावाकडे माणसं गोल करून उभी राहतात. बिअरची बाटली एक आणि ग्लासही एकच. ज्याची पाळी असेल तो त्या ग्लासात स्वतःपुरती ओततो, बाटली शेजारच्याला देतो, पितो, तळाचा फेस जमिनीवर झटकतो आणि ग्लास पुढे देतो. आठ माणसं असली तर आपली पाळी परत यायला वेळ लागतो. मधल्या वेळात बोलायचं, गाणं म्हणायचं, खायचं.

"आणि ओपनर माझ्या मावशीकडे असतो," तो म्हणाला. "एप्रनच्या खिशात. तिला वाटलं बास, की ती किचनमध्ये निघून जाते. ओपनरसकट."

"मग कोणी भांडत नाही?"

"मावशीशी?" तो पहिल्यांदा हसला. "मिस, तुम्ही तिला बघितलेलं नाही."

मी विचारलं, जेवला नव्हतास का? कारण डॉक्टर म्हणाले होते की पोट रिकामं होतं.

तो म्हणाला, "शुक्रवारी दुपारनंतर काही खाल्लं नव्हतं. इतके पैसे भरलेले. पोटात जागा ठेवली होती. आणि गेल्यावर ड्रिंक्स आधी आले."

मी लिहायची थांबले. नांदेडला मी ज्या मेसमध्ये जेवत असे तिथे रविवारी दुपारी फीस्ट असायची आणि संध्याकाळी मेस बंद. आठवड्यातून एकदाच गुलाबजाम, आणि त्या दिवशी मोजून वाढत नसत. आम्ही खेड्यातून आलेल्या मुली शनिवारी रात्री जेवायचो नाही. पैसे वसूल करायचे म्हणून. पहिल्या रविवारी मी अकरा गुलाबजाम खाल्ले आणि हॉस्टेलच्या जिन्यात ओकले. कोणी माझं नाव लिहून घेतलं नव्हतं. मेसच्या मावशींनी राख टाकली, झाडून काढलं, आणि पुढच्या रविवारी माझ्या ताटात आधी भात वाढला.

ही आठवण मी त्याला सांगितली. अकरा हा आकडा ऐकून त्याला फार आश्चर्य वाटलं. मग त्याने विचारलं, "मिस, मला पाठवतील का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

सोमवारी मी रिपोर्ट लिहायला बसले. नियमाप्रमाणे चार ओळींत तो संपला असता. विद्यार्थी नशेत आढळला, रुग्णालयात नेलं, फॉर्मवर सही आहे, पुढील कारवाईसाठी सादर. एवढंच समितीकडे गेलं असतं तर निर्णय काय झाला असता याबद्दल मला शंका नव्हती. सह्या केलेला फॉर्म सोबत जोडलेला असताना कोण कशाला थांबेल.

मी पाच पानं लिहिली. ब्रंच काय असतो ते लिहिलं, कारण समितीतली बरीच माणसं इथे राहत नव्हती. उपाशीपोटी गेल्याचं लिहिलं. एका ग्लासाची पद्धत लिहिली. मित्रांनी त्याला का लपवलं ते लिहिलं. आणि मग हे लिहिलं, की पाच वाजता एक विद्यार्थिनी मदत मागायला माझ्याकडे आली होती, आजारी माणूस कुठे आहे हे विचारण्याऐवजी मी तिला नियम सांगितला, आणि त्यामुळे दहा मिनिटं वाया गेली. फॉर्ममधलं ते वाक्य माझं आहे, हेही लिहिलं.

सरांनी मंगळवारी रिपोर्ट वाचला. दार लावून घेतलं.

"हे दहा मिनिटांचं काढून टाका."

"सर, ते खरं आहे."

"खरं आहे ते मला कळतंय. पण याचा अर्थ काय होतो बघा. विद्यापीठाला कळलं होतं आणि विद्यापीठाने काही केलं नाही. तुमच्यावर येईल. माझ्यावर येईल. एका मुलासाठी?"

माझ्यावर या माणसाचे उपकार होते आणि आहेत. सात वर्षांत त्यांनी सांगितलेली दुरुस्ती मी केली नाही असं झालं नव्हतं. पण ती दहा मिनिटं काढली की मित्रांनी लपवण्याचं कारण निघून जात होतं, आणि उरत होती ती फक्त दारू पिणारी, लपवाछपवी करणारी मुलं. म्हणजे सेशनच्या आधी आम्ही जे धरून चाललो होतो तेच.

"सर, दहा मिनिटांचं ते गेलं तर तो मुलगा गेला," मी म्हणाले. "मला ते ठेवायचं आहे. तुमची सही नसली तरी मी माझ्या सहीने पाठवीन."

सर म्हणाले, "तुम्ही इतक्या हट्टी आहात हे मुलाखतीत दिसलं नव्हतं." त्यांनी सही केली नाही. पण रिपोर्ट अडवलाही नाही. "फॉरवर्डेड" असा शिक्का मारून दिला.

बाहेर भाऊ उभे होते. "काय झालं?"

"गेला रिपोर्ट."

"आणि तुम्ही?"

"अजून आहे."

"मग चहा घ्या," ते म्हणाले.

निर्णय यायला तीन आठवडे लागले. त्या काळात मुलगा वर्गात जात होता, कोणाशी फारसा बोलत नव्हता. मी बाकीच्या नऊ जणांना बोलावलं. या वेळी स्लाइड्स नव्हत्या. मी ते वाक्य फॉर्ममधून काढल्याचं सांगितलं. यापुढे मदतीला बोलावणाऱ्याची नोंद होणार नाही, हे मी वरून लेखी मिळवलं होतं, त्याची प्रत दाखवली. मग भाऊंनी सर्व्हिस ट्रे हातात घेऊन ब्रंचचा वेटर कसा ग्लास भरतो ते करून दाखवलं. पाण्याचेच ग्लास. चष्मेवाल्या मुलीला त्यांनी सांगितलं, बोलत राहा आणि किती ग्लास झाले ते मोज. तिने चार सांगितले. सात झाले होते.

"आपल्या ग्लासावर हात ठेवायचा," भाऊ म्हणाले. "वेटरला तेवढंच कळतं. तोंडाने नाही म्हटलं तर तो ऐकत नाही, मी पण ऐकायचो नाही."

मुलीने विचारलं, "मिस, ब्रिटिश स्टुडंट्सना हे दाखवणार का?"

"पुढच्या आठवड्यात. सगळ्यांना."

"गुड," ती म्हणाली. "त्यांना जास्त गरज आहे." मग जाताना, बाकीचे पुढे गेल्यावर, ती मागे राहिली आणि म्हणाली, "त्या दिवशी मी परत यायला हवं होतं."

"मी तुझ्या मागे यायला हवं होतं," मी म्हणाले. यावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

त्यांनी शनिवारी दुपारी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात स्वतः जेवण करायला सुरुवात केली. बरोबर एक वाजता, मुद्दाम. आधी चार-पाच जण असत, मग दहाही. काही जण ब्रंचला जातही असतील, मी विचारलं नाही. या सगळ्याने काय साधलं हे मला आकड्यांत सांगता येणार नाही. त्यानंतरच्या वर्षभरात दोनदा कोणीतरी दारावर येऊन सरळ सांगितलं, मिस, वरच्या मजल्यावर एकाला जास्त झालीये. दोन्ही वेळा आम्ही वेळेत पोचलो.

समितीचा ईमेल एका मंगळवारी दुपारी दोन वाजता आला. शिष्यवृत्ती एका सत्रापुरती थांबवली होती, रद्द केली नव्हती. ते सत्र त्याने विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करून काढायचं, व्हिसा विद्यापीठ चालू ठेवेल, आणि मग शेवटचं वर्ष पूर्ण करायचं. शेवटच्या ओळीत फॉर्मच्या मजकुराबद्दल विद्यापीठाकडे खुलासा मागितला होता. त्या खुलाशाबरोबर मला एक ताकीदपत्र मिळालं. ते माझ्या फाइलमध्ये आहे, आणि ते मला योग्यच वाटतं.

मी मुलाला बोलावून ईमेल वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला.

"म्हणजे मी राहतोय."

"राहतो आहेस. सहा महिने उशिरा पदवी."

त्याने मान हलवली. घड्याळाकडे बघितलं. "तिकडे आता पहाटेचे पाच. आई सातला उठते."

"तिला काय काय माहीत आहे?"

"काहीच नाही. हॉस्पिटल पण नाही. ती मला इथून परत न्यायला निघाली असती, पासपोर्ट नसताना."

दोन तास तो माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून राहिला. मी माझं काम करत होते. मध्ये एकदा त्याने विचारलं की आईला आधी काय सांगायचं, हॉस्पिटल की सहा महिने. मी म्हणाले, आधी सांग की तू बरा आहेस. चार वाजता त्याने फोन लावला. मला स्पॅनिश येत नाही, तरी मी बाहेर जाऊन उभी राहिले आणि दार ओढून घेतलं.